मुड्यातली मेणाची वडी

४ मार्च

चि. सोनल हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी माग‍तो. किती उशीर, ते तुलाही ठाऊक आहे. तू गेलीस तेव्हा रुचिका तुझ्या कडेवर होती, आणि सुजित सांगतो की आता ती सायकलने शाळेत जाते. फोन करावा तर मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने अर्धं येतं, आणि तुझा फोन लागतही नाही. पत्ता सुजितने दिला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याच्या मागे लागलो होतो. फ्लॅटचा नंबर त्याने दोनदा सांगितला, दोन्ही वेळा मला वेगळा ऐकू आला, म्हणून पाकिटावर दोन्ही लिहिले आहेत. पोस्टमन शोधून काढील.

सुजितने तुझ्या छातीतल्या गाठीचं सांगितलं. आधी सांगत नव्हता. मी म्हटलं, भाच्याने मामाला फसवू नये, तेव्हा बोलला. गाठ वाईट निघाली, औषधं चालू आहेत, ती संपली की ऑपरेशन. आणि डॉक्टर विचारत होते की आईचा रोग कोणत्या जातीचा होता. तिच्या गाठीच्या तुकड्यावर रंग चढवून बघता आलं तर तुझं ऑपरेशन केवढं करायचं हे ठरवायला बरं पडेल. त्यावर तू म्हणालीस, तो तुकडा राहिला नाही, बाबांनी खाडीत सोडला.

सोनू, नाही सोडला. वडी घरात आहे.

तुला आठवत असेल, मुंबईच्या हॉस्पिटलातून आपल्याला ती पुडी दिली होती. काडेपेटीएवढी पांढरट मेणाची वडी, तिच्यात आईचा तांबूस तुकडा, आणि वेगळ्या डबीत पातळ काचा. तेव्हा आईचं दुखणं इतकं पुढे गेलं होतं की रंगाच्या तपासणीचा उपयोग नाही असं डॉक्टरच म्हणाले. पण जपून ठेवा, पोरीला कधी लागेल, असंही म्हणाले. घरी आल्यावर आईनेच जागा ठरवली. माळ्यावर चढायची ताकद नव्हती, तर मला चढवलं आणि खाली उभी राहून सांगत होती, इकडे नको, तिकडे, बियाण्याच्या मुड्यात. मी म्हटलं, अगं, बियाण्यात हे कशाला? ती म्हणाली, "बी म्हणजे तरी काय? ठेवायचं आणि वाट बघायची. फक्त हे कधी पेरायला लागू नये."

मुडा तुला माहीत आहे. रुचिकाला माहीत नसेल तर सांग. पेंढ्याचा घट्ट वळलेला गोळा, आत बियाण्याचं भात, वरून पेंढ्याच्याच दोरीची वीण. आई वीण घालायची तेव्हा पायाच्या अंगठ्यात दोरी धरायची आणि शेवटची गाठ उलटी मारायची. आत निरगुडीचा पाला. पाऊस असो, वाळवी असो, त्या मुड्यातला दाणा कधी हिरमुसला नाही.

आता दहाव्याचं. तुझी आत्या सगळ्या भावकीसमोर बोलली ते मी विसरलेलो नाही. "नीराच्या मासाचा तुकडा घरात ठिवायचा आनि तिला म्हनायचं जा? कशी जाईल ती? वाटंवरच घुटमळत राहील." तू म्हणालीस, आत्या, डॉक्टरांनी ठेवायला सांगितलंय. आत्या म्हणाली, डाक्टर काय तिचा मुलगा हाय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, सोडू. तांबड्या फडक्यात बांधून अस्थींच्या मडक्यात ठेवली, तू बघितलंस, आणि खाडीवर न येताच एसटी धरलीस.

त्या फडक्यात कपड्याच्या साबणाचा तुकडा होता. वडीएवढाच कापला होता. पाण्यात गेला तसा थोडा फेस आला. आत्या हात जोडून म्हणाली, बघा, पाण्यानं घेतली. मला हसू आलं आणि मग रडू आलं. सगळ्यांना वाटलं बायकोसाठी रडतोय. ते खोटंही नव्हतं.

मग तुला का नाही कळवलं, असं विचारशील. आत्या शेजारच्या घरात, भिंत एक, हे एक कारण. दुसरं असं की, ठेवलंय असं तुला कळवायचं म्हणजे तुला लागेल असं तोंडाने बोलायचं. मला ते बोलवेना. राहू दे गप मुड्यात, असं वाटायचं. कळवायचं पुढे पुढे गेलं.

पण वस्तू छान राखली आहे, काळजी करू नकोस. दरवर्षी नवीन भात आलं की नव्या मुड्यात हलवतो. आणि होळीच्या सुमाराला आई जसं बियाण्याला ऊन दाखवायची तसं त्या वडीला आणि काचांनाही सुपात घालून ऊन दाखवतो. एक वर्ष चुकवलं नाही. यंदाचं राहिलं आहे. ते दाखवतो आणि मग पाठवतो. कशी पाठवू ते कळव.

तुझा
बाबा

२० मार्च

चि. सोनल हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नाही, पण सुजितच्या फोनवर तुझा निरोप आला. "ऊन दाखवू नका. हात लावू नका. माणगावला लॅबमध्ये विचारा." एवढंच. मी तो निरोप सुजितकडून तीन वेळा वाचून घेतला. त्यात रागावलेली आहेस की घाबरलेली, ते कळेना. सुजित म्हणाला, मामा, निरोपात आवाज नसतो.

ऊन दाखवलं नाही. सूप काढलं होतं, ते परत टांगलं.

माणगावला गेलो. स्टँडच्या मागे रक्त तपासायची लॅब आहे, तिथे भाविका नावाची मुलगी आहे. श्रीवर्धनकडची. पूर्वी मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात अशाच मेणाच्या वड्या कापायचं काम करत होती. वडी आणि काचा घातलेली डबी मी पुढे केली आणि म्हटलं, बाई, ही माझी बायको. ती दचकली. मग मी नीट सांगितलं.

तिने आधी काचा उजेडात धरल्या. म्हणाली, "आजोबा, या कुठे ठेवल्या होत्या?" मी मोठ्या तोंडाने सांगितलं, भातात, आणि वर्षातून एकदा कडक उन्हात. तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. तेव्हाच मला कळलं, काहीतरी चुकलंय.

काचा गेल्या, सोनू. पापुद्र्यासारखं कापलेलं मांस काचेवर उघडं असतं. हवा, दमट, ऊन लागलं की त्यातलं रंग धरणारं जे असतं ते विरत जातं. तिने सांगितलं, अशा काचा फ्रीजमध्ये ठेवल्या तरी काही महिन्यांनी भरवसा राहत नाही. मी तर त्या दरवर्षी चुलीवर ठेवल्यासारख्या तापवल्या. आईच्या हातची रीत म्हणून. बियाण्याला ऊन लागतं, गोधडीला लागतं, सुक्या सोड्यांना लागतं, लोणच्याच्या बरणीलाही लागतं. आपल्या घरात ऊन लागून काही बिघडलेलं मी बघितलं नव्हतं.

मग तिने वडी घेतली. वडीचं वेगळं असतं म्हणाली. मेण चहूबाजूंनी झाकून ठेवतं, हवा आत जात नाही, नीट राखली तर वडी वर्षानुवर्षं टिकते. थंड, कोरडी, अंधारी जागा हवी. "मुडा वाईट नाही आजोबा. मुड्याने बरंच राखलंय. बुरशी नाही, मुंगी नाही." माझा जीव थोडा भांड्यात पडला. तेवढ्यात तिने विचारलं, "मेण कधी वितळलं होतं का?"

मागच्या पत्रात मी छान राखली आहे असं लिहिलं. त्यातलं एक राहिलं. एका वर्षी ऊन फार होतं. मी गोठ्याकडे गेलो आणि यायला उशीर झाला. येऊन बघतो तर वडी घामेजली होती, खालच्या कागदावर तेलकट डाग. लगेच सावलीत घेतली, ओल्या फडक्याने वारा घातला, तापलेल्या पोराला घालतात तसा. परत घट्ट झाली. त्यानंतर वडी ओटीच्या कडेला सावलीतच ठेवायचो, पण काचा मात्र उन्हातच. हे मी भाविकाला सांगितलं. डॉक्टरांना कळायला हवं असं ती म्हणाली, म्हणून तुलाही लिहितो.

मी विचारलं, मग ही गेली का राहिली? ती म्हणाली, वरचा पापुद्रा खराब असेल, तो कापून टाकतात आणि आतलं घेतात. आत काय आहे ते रंग चढवल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. पुढे तिने जे सांगितलं त्याने मला झोप नाही. त्या तपासणीत रोगाच्या पेशीत एक खूण शोधतात. खूण असली तर पेशी तपकिरी होते, नसली तर निळी राहते. पण तुकडा उन्हाने मेलेला असेल तरीही निळीच राहते. म्हणजे निळं आलं तर ते खरं निळं की खोटं?

तोंडून निघून गेलं, "नवे दाणे घालायचे बाजूला." तिला कळलं नाही. मी सांगितलं, माझी बायको पेरणीआधी जुनं बी ओल्या फडक्यात बांधून उगवण बघायची, तेव्हा त्याच फडक्यात चार नवे दाणे खूण करून टाकायची. नवे उगवले आणि जुने नाही, तर बी मेलं. नवेही उगवले नाहीत, तर फडक्यात दोष. भाविका हसली. म्हणाली, "तसंच आहे की आजोबा. गाठीच्या शेजारी थोडं चांगलं मांस असतं. त्यातल्या काही पेशींनी तपकिरी धरला, तर तुकडा जिवंत आहे असं समजायचं. मग रोगाचं जे काय येईल ते खरं."

घरी येताना एसटीत डबी मांडीवर धरली. खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून कंडक्टरला सांगून बाजू बदलली. तो म्हणाला, बाबा, लोणी आहे का? मी म्हटलं, हो.

वडी माळ्यावर नाही, आता हंड्यांच्या उतरंडीमागे ठेवली आहे. तिथे थंड असतं. रात्री उठून बघतो. बघून काय कळतं? तरी बघतो.

तुझा
बाबा

१२ एप्रिल

चि. सोनल,

सुजित परत आला. वडी पोचली हे त्याच्याकडून कळलं तेव्हा मी दिवसभरात पहिल्यांदा जेवलो.

कुरियर नको असं भाविकाच म्हणाली होती. गाडीचा पत्रा तापतो, पुडी कुठे उन्हात पडून राहील सांगता येत नाही. सुजितला पनवेलला जायचं होतंच, तिथून तुझ्याकडे नाशिकला जायला मी त्याला तयार केलं. मग पुडी कशात बांधावी याचा दोन दिवस विचार केला. थर्माकोल आणला, पण त्यात बर्फ घातला तर ओल, नाही घातला तर आतून गरम. शेवटी पेंढा भिजवून लहान मुडा वळला. पेंढा वाळू दिला, आत भात, भातात डबी. माझ्या हाताला ती सवय नाही. वीण तीनदा सुटली. सुजित बघून म्हणतो, "मामा, तिकडं मोठ्या लॅबमधी मी ह्यो गोळा घेऊन जाऊ? म्हनतील गावावरनं पिंड घेऊन आलाय." मी म्हटलं, म्हणू देत. पेंढ्याला ऊन कळत नाही.

नेमकी तेव्हा तुझी आत्या दारात. सुजित तिचाच मुलगा, त्याला खोटं बोलता येत नाही. तिने विचारलं, ह्यात काय हाय? आणि तो गप्प. गप्प राहिला म्हणजे सांगितल्यासारखंच.

मग मी सगळं सांगितलं. तुझं दुखणंही सांगितलं, ते तिला कोणी कळवलं नव्हतं. ती ओटीवर बसली. बराच वेळ पदराचं टोक पिळत होती.

"म्हंजे तवा फडक्यात काय व्हतं?"

"साबण."

"कुठला?"

"तुझाच. धुण्याच्या दगडावर होता."

"मेल्या, आनि मी शेजारनीशी भांडले त्या साबनापायी! वर्षभर बोलले न्हाय तिच्याशी."

मला वाटलं आता गाव गोळा करील. पण ती उठली, घरात गेली आणि निरगुडीचा पाला घेऊन आली. मुड्यात वरून खोचला. म्हणाली, "नीरा वाटंवर थांबलीय तर थांबू दे. पोरीसाठनं थांबलीय. आपन कोन तिला हाकलनार?" मग सुजितला म्हणाली, "मांडीवर घेऊन बस. डिकीत टाकलास तर घरात येऊ नको."

सुजितने सांगितलं की तू दार उघडलंस तेव्हा डोक्याला ओढणी होती. बारीक झालीस, असं म्हणाला. मुडा तू त्याच्या हातातून घेतलास आणि टेबलावर न ठेवता खाली जमिनीवर बसलीस. वीण कापायला त्याने कात्री शोधली तर तू म्हणालीस, थांब, ही सुटते. आणि उलटी गाठ बरोबर सोडवलीस. मग विचारलंस, "ही कोणी मारली?" तो म्हणाला, मामाने. तू पुढे काही विचारलं नाहीस. पण भात टाकलं नाहीस, डब्यात भरून ठेवलंस, हे त्याने बघितलं.

सोनू, ते बियाण्याचं आहे, शिजवू नकोस, चव लागणार नाही. कांडून शिजवलंस तरी चालेल. तुझंच आहे.

आई तुला गाठ शिकवायची तेव्हा तू एवढीशी होतीस. तुझा अंगठा दोरीला पुरायचा नाही, म्हणून तिने तिचा पाय पुढे केला होता, आणि तू तिच्या अंगठ्यात दोरी अडकवून वीण घालायचीस. वीण सैल व्हायची. तू गेलीस की ती परत वळायची, तुला कळू नये म्हणून. मी बघायचो. तेव्हा मला वाटायचं, या दोघी मुडे वळत राहतील आणि मी माळ्यावर चढवत राहीन, यात बदल होण्यासारखं काय आहे?

रंगाचा निकाल कधी येतो?

बाबा

१७ मे

चि. सोनल हिस आशीर्वाद.

सुजितच्या फोनवर तुझा फोटो आला. वर लिहिलं होतं, बाबांना दाखव. दुसरं काही नाही.

फोटोत काय आहे ते मला आधी कळेना. निळा रंग रानोमाळ पसरलेला, आणि एका कोपऱ्यात वाटोळ्या बांगडीसारखी रांग, तिच्यातले काही ठिपके तपकिरी. अगदी आपल्या खारजमिनीच्या बांधावरच्या मातीचा रंग. आत्या चष्मा लावून म्हणाली, ही नीराच हाय व्हय? मी म्हटलं, असावी. तिने फोनला हात लावून कपाळाला लावला. सुजित म्हणाला, आई, काच पुस आता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने माणगावला गेलो. भाविकाने फोटो मोठा करून पाहिला. म्हणाली, "आजोबा, तुमचा तुकडा जिवंत आहे. ही बांगडी म्हणजे चांगलं मांस. बघा, रंग धरलाय." मी विचारलं, आणि बाकीचं निळं? ती म्हणाली, "ते रोगाचं. त्यात खूण नाही. आणि हे निळं खरं आहे."

मी देवाकडे रोज तपकिरी मागत होतो. कसला तपकिरी आणि कुठे, ते नीट सांगायला हवं होतं. जे मागितलं ते त्याने एका कोपऱ्यात दिलं.

भाविकाने मला सांभाळून सांगितलं. अशा बिनखुणेच्या रोगात कधी कधी तो आईकडून मुलीत उतरलेला असतो, कधी नसतो. या एका फोटोवरून ते ठरत नाही. रक्ताची वेगळी तपासणी करतील, मग एका बाजूचं ऑपरेशन की दोन्ही, ते डॉक्टर तुझ्याशी बोलून ठरवतील. "पण अंधारात ठरवायला नको, एवढं तुमच्या वडीने केलं." मी म्हटलं, माझ्या नाही, तिच्या. माझ्या हातून तर ती उन्हात गेली होती.

तुला ती तपासणी झाली का, झाली तर काय आलं, हे मला माहीत नाही. सुजितला विचारलं की तो म्हणतो, ताई सांगेल. तू सांगत नाहीस. सांगायचं नसेल तर नको सांगूस. मी हल्ली पंप बंद केला की नाही ते बघायला दोनदा खाली जातो आणि दोन्ही वेळा बंदच असतो. घरात एकटा माणूस असला की काळजीला बसायला जागा फार होते.

आणखी एक विचारायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला विचारू शकत नाही. भाविका म्हणाली, वडी पूर्ण संपत नाही, उरलेली परत देतात. आत्या आता म्हणते, बाय बरी झाली की खाडीवर नेऊ, मी सोता साबन न घालता बांधीन. तिचा हट्ट गेला आहे, तू नको म्हणालीस तर ती काही बोलणार नाही. पण मला रुचिका दिसते. तिला कधीही लागू नये. ठेवायची का तिच्यासाठी?

म्हणजे असं, की रोहिणी जवळ आली. रोपांच्या वाफ्यावर राब भाजून झाला. चार दिवसांत बियाण्याचा मुडा माळ्यावरून उतरवायचा, आणि बी काढायला सगळी वीण सोडली की तो मुडा गेला. नवा पेंढा दिवाळीनंतर. वडी परत येणार असेल तर मी एका मुड्याची नुसती वरची गाठ सोडून थोडंच बी काढीन, बाकीचा तसाच राहू देईन, एक वाफा कमी पेरला तरी चालतो. उन्हात घालणार नाही, ते सूप मी आत्याला देऊन टाकलं. आणि गाठ मला आता येते, पण शेवटची ओढताना सैल पडते. तिथे कोणीतरी बोट धरायला लागतं.

तेव्हा मुडा सोडू की ठेवू, एवढं कळव. लवकर कळव. पत्र नको, पत्राला वेळ लागतो. मी सुजितचा फोन मागून उशाशी ठेवला आहे. थोडं मोठ्याने बोल, म्हणजे झालं. डाव्या कानाने येतं मला ऐकू.

तुझा
बाबा